उत्तराचा ठोका

१

पहिला ठोका मंगळवारी ऐकू आला की बुधवारी, हे पुंजाराम आहेरांना आता खात्रीनं सांगता येत नाही. मंगळवारी गाडीत नवं इंजिन बसलं, एवढं नक्की. रोजनिशीत त्या आठवड्याच्या पानावर त्यांच्याच बारीक अक्षरात एक ओळ आहे : ‘आवाज फारच कमी. भाग्येशला सांगणे.’ काय सांगणे, ते लिहिलेलं नाही. सगळं आयुष्य यंत्रांच्या थरथरीची मोजमापं घेण्यात गेलेल्या, त्यावर डॉक्टरेट मिळवलेल्या माणसानं अशी अर्धवट नोंद करावी, याची त्यांना अजून लाज वाटते.

२०१८ सालचा डिसेंबर होता. पुंजारामांना अडुसष्टावं लागलं होतं. तारापूरच्या अणुवीज प्रकल्पातून निवृत्त होऊन ते पालघरला शिरगाव रस्त्यावर एकटेच राहत. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकतीस वर्षं ताडपत्रीखाली उभी असलेली पांढरी फियाट त्या महिन्यात बोईसरला भाग्येश मेहेरच्या गॅरेजात गेली होती. कधीकाळी ती रॅलीत धावायची. पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांची एक फेरी पालघरहून जव्हारला जायची होती आणि भाग्येशला तिच्यात ही गाडी हाकायची होती. जुन्या इंजिनाचा ब्लॉक तडकलेला. तेव्हा भाग्येशनं मागून ठोकर बसून भंगारात निघालेल्या एका व्हॅनचं बाराशे सीसीचं इंजिन गिअरबॉक्ससकट उचललं आणि फियाटच्या पोटात उतरवलं.

ते सरळ उतरलं नाही. खालचं ऑइलचं भांडं आडव्या दांड्याला अडत होतं. वेल्डिंगवाल्या मिथुननं दांडा कापून पुन्हा जोडला. स्टिअरिंगजवळचा गिअर काढून जमिनीवर आणावा लागला. डॅशबोर्ड मात्र भाग्येशनं जुनाच ठेवला, पत्र्याचा, सरळसोट.

“बाबांचा हात लागलेला पत्रा हाय तो काका,” तो म्हणाला. “त्याला आमी कटर नाय लावणार.”

 त्या पत्र्याला भाग्येशच्या बापाचा हात कसा लागायचा, हे जगात फक्त पुंजारामांनाच ठाऊक होतं.

२

भाग्येशचा बाप हरेश्वर मेहेर सातपाटीचा. प्रकल्पात पुंजारामांच्याच विभागात तंत्रज्ञ होता, आणि रॅलीत त्यांचा नेव्हिगेटर. म्हणजे डाव्या सीटवर बसून मांडीवरच्या वहीतून पुढचं वळण सांगणारा. पुंजाराम गाडी चालवायचे. जुन्या इंजिनाचा आवाज इतका की शेजारच्या माणसाचं ओरडणंही कळू नये. यावर हरेश्वरनं तोडगा काढला. त्याच्या बापाच्या बोटीवर इंजिनाच्या धडधडीत बोट हाकणारा तांडेल फळीवर ठोकून खुणा करायचा, तसं हा पेन्सिलीच्या बुडानं डॅशबोर्डवर ठोकू लागला. दोन ठोके म्हणजे डावं वळण, तीन म्हणजे उजवं, भराभर पाच म्हणजे थांब. ऐकू आलं की चालकानं बोटातल्या अंगठीनं स्टिअरिंगवर एक ठोका द्यायचा. तो उत्तराचा ठोका.

उत्तर मिळेपर्यंत हरेश्वर पुन्हा पुन्हा ठोकायचा. वहीतही त्याची शिस्त होती. ठोकलं की वळणापुढे ठिपका, उत्तर आलं की त्या ठिपक्यावरच टिक.

“उत्तर नाय तर टिक नाय, साहेब,” तो म्हणायचा. “दर्यात अर्धं ऐकलेलं चालत नाय.”

१९८७ च्या जानेवारीत, सकाळी साडेसहाच्या सुमारास, विक्रमगडहून जव्हारकडे चढणाऱ्या घाटात, टप्पा सुरू झाल्यापासून सत्तावीस किलोमीटर चारशे मीटरवर गाडी वळणाबाहेर गेली आणि डाव्या अंगानं सागाच्या झाडावर आदळली. हरेश्वर जागच्या जागी गेला. भाग्येश तेव्हा दोन वर्षांचा होता.

रॅली भरवणाऱ्या क्लबनं चौकशी केली. पुंजारामांनी लेखी जबाब दिला : ‘वळणाची सूचना मला मिळाली नाही. नेव्हिगेटरला डुलकी लागली असावी.’ हरेश्वरची वही एका खाकी पाकिटात घालून लाखेनं बंद केली. जोडावर पुंजारामांनी सही केली. ते पाकीट पुढे कोणी उघडलंच नाही. डॉक्टरसाहेबांचा शब्द असताना कोळ्याच्या वहीत काय बघायचं?

सातपाटीत भाग्येश ‘झोपल्याचा पोर’ म्हणून वाढला. त्याला आयटीआयला पुंजारामांनीच घातलं. पहिला पान्यांचा संच त्यांनीच घेऊन दिला. लोक म्हणत, देवमाणूस.

३

पहिली चाचणी बोईसरहून तारापूरच्या रस्त्यानं झाली. भर दुपार. भाग्येश चालवत होता. वायरिंग पूर्ण व्हायचं होतं म्हणून डावी सीट काढलेली. पुंजाराम मागे बसले होते, तिथून त्यांना पुढचा रिकामा पत्रा आणि सीटचे चार बोल्ट दिसत होते.

“काय काका? हाय की नाय मऊ?” भाग्येश आरशातून हसला. “तुमच्या टायमाला कानात बोळे घालायला लागत असतील.”

खरोखरच आवाज नव्हता. ज्या गाडीत ते कधी स्वतःचा श्वास ऐकू शकले नव्हते तिच्यात आता टायरखाली फुटणारा खडाही कळत होता. पुंजारामांना एकदम उघड्यावर आल्यासारखं वाटलं. जुन्या खोलीतलं अवजड कपाट हलवावं आणि मागची भिंत पहिल्यांदा दिसावी, तसं.

टक, टक.

“क्लिप सैल हाय डॅशबोर्डची,” भाग्येश लगेच म्हणाला. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं. पुंजारामांना आधी याचाच दिलासा वाटला.

रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना गवताचे भारे रचलेले, लांबवर कारखान्यांच्या चिमण्या. थोड्या अंतरानं टक, टक, टक. मग पुन्हा दोन. पुंजारामांनी सवयीनं कारणं मांडली. तापलेला पत्रा. इंजेक्टर. कापून जोडलेला दांडा, त्याची बदललेली कंपनसंख्या. एखादं माउंटिंग पूर्ण आवळलेलं नसणार. अशी सात-आठ कारणं त्यांना एका दमात सुचली आणि त्यातलं कुठलंही खरं असू शकलं असतं.

मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. उजव्या हाताचं बोट पुढच्या सीटच्या दांडीवर होतं. दर ठोक्यांनंतर त्यातली अंगठी आपोआप दांडीवर एकदा वाजत होती.

त्यांनी हात मांडीखाली दाबून धरला.

पुढे तीन ठोके आले. जरा थांबून तेच तीन. मग पुन्हा तेच, आधीपेक्षा जोरात.

“च्यायला, ही क्लिप हाय का काय!” भाग्येशनं डॅशबोर्डवर बुक्की मारली. ठोके थांबले नाहीत. पुंजारामांनी हात सोडवला आणि अंगठी एकदा वाजवली.

गाडीत शांतता झाली.

४

भाग्येशनं डॅशबोर्डचा एकूण एक स्क्रू काढला आणि रबराच्या चकत्या घालून पुन्हा बसवला. पुंजारामांनी घरून थरथर मोजायचं यंत्र आणलं. गॅरेजात उभ्या गाडीचं इंजिन तासभर चालू ठेवलं तरी यंत्रात आलेख स्वच्छ आला.

“बाबूजी, एकदम मक्खन है,” मिथुन म्हणाला.

गाडी उभी असताना काहीच नसतं, हे पुंजारामांनी लिहून ठेवलं. हालताना असतं.

दुसऱ्या चाचणीला ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या दिवसाचे ठोकेही त्यांनी आठवून लिहिले होते, पण ते कितपत बरोबर, याची शंका होतीच. या खेपेस दर ठोक्यांपुढे किलोमीटर टिपले. त्याच सरळ रस्त्यावर या वेळी ठोके वेगळे आले. आणि पुंजाराम अंगठीनं दर वेळी गुपचूप उत्तर देत राहिले. न देऊन बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

घरी जाऊन त्यांनी दोन्ही याद्या एकाखाली एक ठेवल्या. पहिल्या दिवशी नऊ किलोमीटर दोनशे. दुसऱ्या दिवशी अकरा सहाशे. दुसरी यादी सुरू होत होती ती मोरीनंतरच्या डाव्या वळणापासून. मग लगेच उजवं, मग वडाजवळचं मोठं डावं.

मोरी? वड? तारापूरच्या त्या रस्त्यावर मोरीही नव्हती नि वडही नव्हता. रॅलीआधी दीड महिना त्यांनी आणि हरेश्वरनं जो टप्पा पाढ्यासारखा घोकला होता, तो त्यांच्या हातून कागदावर उतरत होता. पहिल्या दिवशी गाडी जिथे थांबली तिथूनच दुसऱ्या दिवशी घाट पुढे सुरू झाला होता.

वीस किलोमीटर आठशे झाले होते. सत्तावीस चारशेला आणखी सहा किलोमीटर सहाशे उरले होते.

रविवारी भाग्येश आणि त्याची बायको सपना बोईसरहून निघतील. सपना डाव्या सीटवर असेल. पालघर येण्याआधीच ते सहा किलोमीटर संपतील. ठोके येतील, उत्तर द्यायला कोणी नसेल, आणि ठोकणारा ठोकत राहील. मग काय होईल, हे पुंजारामांना ठाऊक नव्हतं. मागच्या वेळी काय झालं होतं तेवढं ठाऊक होतं.

५

शुक्रवारी ते सातपाटीला गेले. हरेश्वरची बायको सोमी बंदराजवळ काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. सत्तरीला आलेली, पण हात झपाझप चालत होते.

“साहेब! वाट चुकलात?”

“रविवारी भाग्येशनं गाडी नेऊ नये असं वाटतं, सोमीबाई. तुम्ही सांगा त्याला.”

“का? इंजिन तर नवं हाय म्हनं.”

“इंजिन चांगलं आहे. पण…”

सोमीनं हातातला बोंबील काठीवर अडकवला आणि कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

“एक इचारू? तुमी यंत्राला कान लावून सांगता ना, त्याला कुठं दुखतं ते? सगळं पालघर सांगतं. मंग माझा मानूस बाजूला बसलेला, त्याचं कायच नाय ऐकलं तुमी?” तिच्या आवाजात राग नव्हता. “बोटीवर तीन-तीन राती जागायचा तो. आनि तासाभराच्या गाडीत झोपला. मी कुनाला बोलले नाय. पन मला पटलं नाय कधी.”

पुंजाराम हे बोलायलाच आले होते. शब्द जिभेवर होते. समोर ओळीनं टांगलेले बोंबील वाऱ्यावर एकमेकांवर आपटत होते, आणि तो बारीक आवाज त्यांना ऐकवेना. ते म्हणाले, “मलाही… नीट आठवत नाही.”

“म्हातारपन,” सोमी म्हणाली आणि मूठभर बोंबील कागदात बांधून त्यांच्या हातात दिले.

संध्याकाळी गॅरेजात त्यांनी भाग्येशला एवढंच सांगितलं की कापलेल्या दांड्याचा भरवसा नाही, रविवार टाळ.

“काका, तुमची पीएचडी घाबरायची हाय काय?” सपना हसून म्हणाली. ती डाव्या जागी नव्या सीटवर बसून पट्टा बसवून बघत होती. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. “ह्यांनी लग्नात घोडा नाय मागितला, ही गाडी मागितली. आता अडवलंत तर मलाच ढकलत न्यावी लागंल.”

“गाडी न्यायचीच हाय काका,” भाग्येश म्हणाला. तो हसत नव्हता. “त्या वळणावर मी थांबनार हाय. नारळ फोडनार. आनि सगळ्या क्लबवाल्यांसमोर बोलनार, की माझा बाप झोपला आसंल, पन त्याचा पोर जागा हाय.”

 पुंजारामांनी हात खिशात घातले.

“उद्या सकाळी मला एक फेरी मारू दे,” ते म्हणाले. “एकट्याला. दांडा तपासतो.”

६

शनिवारी सकाळी दहाला त्यांनी गाडी गॅरेजाबाहेर काढली. एकतीस वर्षांनी स्टिअरिंग हातात होतं. लख्ख ऊन पडलं होतं. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बाया रिक्षात बसत होत्या, शाळेची पोरं सायकली मारत होती. चिंचणीच्या बाजूला सुरूच्या झाडांच्या कडेनं जाणारा सरळ, सपाट रस्ता त्यांनी मुद्दाम निवडला होता. तिथे पडायला दरी नव्हती.

शंभर मीटरवर पहिले ठोके आले. तीन. त्यांनी अंगठी वाजवली. पुढे दोन. उत्तर. ठोके आता अगदी जवळून, डाव्या गुडघ्यासमोरच्या पत्र्यातून येत होते. ते डावीकडे बघत नव्हते. पाच किलोमीटर. सहा. सीटवरचं प्लास्टिक मधूनमधून चुरचुरत होतं. वारा, ते स्वतःशी म्हणाले, आणि खिडक्या बंद असल्याचं त्यांच्या लक्षात आलं.

सहा किलोमीटर पाचशे.

एकतीस वर्षं जे त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं ते आता त्यांना स्वच्छ आठवलं. त्या सकाळी ठोके आले होते. भराभर पाच. मग पुन्हा पाच. ते त्यांनी ऐकले होते आणि त्यांना वाटलं होतं, बेअरिंग गेलं. दुसऱ्या कुणाही चालकानं घाबरून ब्रेकवर पाय ठेवला असता. डॉ. पुंजाराम आहेरांनी मान इंजिनाकडे कलती केली आणि कान दिला. कुठल्या सिलिंडरचं बेअरिंग, याचा विचार करत ते वळणात शिरले. माणूस जीव तोडून सांगत होता आणि त्यांनी तो यंत्राचा बिघाड समजून ऐकला.

टक-टक-टक-टक-टक.

इतक्या जोरात की डॅशबोर्ड हलला. त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी तिरकी होऊन रस्त्याच्या कडेला थांबली, इंजिन बंद पडलं. समोर काही नव्हतं. मोकळा रस्ता, ऊन, सुरूची झाडं.

टक-टक-टक-टक-टक.

“ऐकलं,” पुंजाराम म्हणाले. “हरेश्वर, ऐकलं रे. तेव्हाही ऐकलं होतं.” आणि त्यांनी अंगठी स्टिअरिंगवर एकदा आपटली.

सगळं शांत झालं. लांब समुद्राचा आवाज तेवढा येत होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. किती वेळ, ते सांगता येत नाही. मग त्यांनी डावीकडे बघितलं.

सीटवरचं प्लास्टिक मधोमध दबलेलं होतं, माणसाच्या वजनानं दबतं तसं. पाठीकडची घडी सावकाश सुटत होती. एक सुरकुती, मग दुसरी. पाठ टेकून बसलेलं कुणी तरी पुढे वाकत होतं. वळण सांगायच्या आधी वहीवर वाकायची हरेश्वरची सवय होती.

गाडी उभी होती. इंजिन बंद होतं.

टक, टक.

डावं वळण.

पुंजारामांनी उत्तर दिलं नाही. दार उघडून ते बाहेर पडले आणि अडुसष्ट वर्षांच्या पायांनी जमेल तेवढं पळाले. सुरूच्या झाडांपर्यंत मागून ते ऐकू येत होतं. दोन. थांबून पुन्हा दोन.

७

फोन केल्यावर भाग्येश मोटरसायकलवर आला. पुंजारामांनी त्याला तिथेच, रस्त्यावर उभ्या उभ्या सांगितलं. ठोक्यांची भाषा, बेअरिंग, जबाब, सगळं. फक्त गाडीत आत्ता काय झालं, ते सांगितलं नाही.

“म्हंजे तुमी ऐकलंवतं,” भाग्येश म्हणाला.

“हो.”

“आनि तो जागा होता.”

“पूर्ण जागा होता.”

भाग्येश त्यांच्याकडे बघत राहिला. मारील असं पुंजारामांना वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं गाडीचं बोनेट उघडलं, बॅटरीची तार काढली आणि टेम्पो बोलावून गाडी ओढत नेली. रविवारच्या फेरीला तो गेला नाही. सहा वर्षं तो पुंजारामांशी एक शब्द बोलला नाही. पुंजारामांनी क्लबला आपला जुना जबाब मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं आणि त्याची प्रत सातपाटीला सोमीच्या हातात दिली. तिनं कुणाकडून तरी ते वाचून घेतलं असावं. निरोप काही आला नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात भाग्येश आपण होऊन शिरगाव रस्त्यावरच्या घरी आला. केस पिकले होते. क्लबच्या जुन्या चिटणिसांच्या मुलांनी घर विकताना कपाटं रिकामी केली, त्यात निघालेलं खाकी पाकीट त्याच्या हातात होतं.

“आई म्हनाली, त्यांच्यासमोर उघड,” तो म्हणाला. “बसा काका.”

एवढ्या वर्षांनी तो ‘काका’ म्हणाला होता, पण पुंजारामांचं लक्ष पाकिटाकडे होतं. त्यांनी भिंग आणलं. लाख अखंड होती. जोडावरची सही त्यांचीच होती, खाली १९८७ ची तारीख, आणि शाईची एकही रेघ तुटलेली नव्हती. हे त्यांनी तीनदा तपासलं. मग भाग्येशनं ब्लेडनं पाकीट फाडलं.

वहीचं शेवटचं पान दोघांनी मिळून वाचलं. सत्तावीस किलोमीटर चारशे. त्यापुढे हरेश्वरच्या पेन्सिलीचा ठिपका होता.

“दिला होता,” भाग्येश म्हणाला आणि त्यानं तोंडावर हात धरला. “बाबांनी ठोका दिला होता.”

पुंजारामांनी भिंग ठिपक्यावर धरलं. भाग्येशला अजून दिसलं नव्हतं. त्या ठिपक्यावर उत्तराची टिक होती. ठसठशीत, घाई न करता केलेली.

आणि खालच्या ओळीवर, त्या सकाळी गाडी जिथवर कधी पोचलीच नव्हती त्या डाव्या वळणापुढे, नुसता ठिपका होता.